परदेशांतील दुखणें आणि विम्याचा कागद

परदेशगमन म्हटलें कीं आमच्या पणजोबांच्या काळीं घरांत पहिला प्रश्न निघे तो प्रायश्चित्ताचा. समुद्र ओलांडून आलेल्या गृहस्थास पंक्तीस बसवावयाचें कीं नाहीं ह्यावर गांवोगांव वाद माजत, आणि कित्येक घरांत त्यापायीं भाऊ भावाला दुरावत असे. आज तो प्रश्न कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. नांदेडास वजिराबादेंत किंवा लातुरास गंजगोलाईच्या आसपास राहणारी एखादी मातोश्री, जिनें हैदराबादपलीकडचा मुलूख क्वचितच पाहिला असेल, ती न्यू जर्सींत ह्या घटकेला किती वाजले असतील हें बोटांवर मोजल्यावांचून सांगते. मुलगा वा मुलगी तेथें, नातवंडें तेथें. तेव्हां आज ना उद्यां आईवडिलांनींहि तेथें जावयाचें हें ठरलेलेंच. प्रायश्चित्ताची जागा मात्र दुसर्‍या एका प्रश्नानें घेतली आहे, व तो शास्त्रीबोवांस विचारून सुटण्यासारखा नाहीं. तेथें गेल्यावर आजारी पडलों तर खर्च कोणी सोसावयाचा, हा तो प्रश्न.

आमच्या ह्या दोन जिल्ह्यांत तो इतका घरगुती होऊन बसला ह्याचें कारण उघड आहे. लातूरच्या शिकवणीचें नांव सार्‍या महाराष्ट्रांत ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजलें. नांदेडजवळ विष्णुपुरीस १९८१ सालीं श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था निघाली. अशा ठिकाणांहून बाहेर पडलेलीं मुलें पुणें, हैदराबाद, बंगलोर करीत करीत अमेरिकेपर्यंत पोंचलीं. ज्यांना डॉक्टर व्हावयाचें होतें, परंतु येथें सरकारी जागा मिळाली नाहीं, त्यांपैकीं कांहींनीं रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान ह्या देशांचा रस्ता धरला. आणि मुलीचें किंवा सुनेचें बाळंतपण जवळ आलें, कीं डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आई शमशाबादच्या विमानतळावर उभी! तिच्याबरोबर बहुधा वडीलहि असतात. वय सत्तरीच्या आसपास, मुक्काम सहा महिन्यांचा, आणि खिशांत रक्तदाबाची गोळी.

परदेशांतलें दुखणें ही कांहीं आजचीच गोष्ट नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि तेथें बळावलेलें क्षयाचें दुखणें घेऊन त्या परत आल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या परक्या मुलखांत त्यांना आधार होता तो कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या मायेचा. आजच्या आईवडिलांना मायेची उणीव नाहीं, पोटचें मूलच तेथें आहे. परंतु तेथील इस्पितळाचें बिल मायेनें फिटण्यासारखें राहिलें नाहीं.

आमच्याकडे येणार्‍या पत्रांत ह्या बाबतींत सर्वांत अधिक वेळां विचारला जाणारा प्रश्न हा, कीं ‘आम्ही इतकीं वर्षें येथें आरोग्यविम्याचा हप्ता भरीत आलों, तो विमा तिकडे चालेल ना?’ ह्याचें सरळ उत्तर, बहुधा नाहीं. आपली नेहमींची मेडिक्लेम पॉलिसी भारताच्या हद्दींत घेतलेल्या उपचारापुरतीच असते, व तसें तिच्यांत स्पष्ट लिहिलेलें असतें. तें पान आपण वाचलेलें नसतें एवढेंच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ त्या योजनेशीं जोडलेल्या इस्पितळांतच मिळतो. सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेचें ५ लाख रुपयांपर्यंतचें कार्ड मिळूं लागलें, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु तें कार्डहि देशाच्या सीमेपलीकडे निरुपयोगी आहे. निजामी अंमलांत नांदेडचा रोगी हैदराबादेस उस्मानिया इस्पितळांत जाई, आणि लातूरचा रोगी बार्शी लाइट रेल्वेच्या लहान गाडीनें संस्थानाबाहेर मिरजेस डॉ. वानलेस ह्यांच्या इस्पितळांत जाई. तेथें मुलूख बदलला तरी रोग्याची चौकशी तीच होती. विमा कंपनीच्या नकाशांत मात्र हद्दीला फार मोठें महत्त्व आहे.

अलीकडे कांहीं मोठ्या रकमांच्या देशी पॉलिसींत ‘जगभर संरक्षण’ अशी जाहिरात आढळते. ती खोटी नसते, परंतु तिच्या मागोमाग येणार्‍या अटी वाचाव्या. कोठें अट अशी, कीं आजाराचें निदान भारतांत झालेलें असावें व कंपनीची आगाऊ संमति घेऊन मगच बाहेर जावें. कोठें उलट, केवळ अकस्मात् आलेल्या संकटापुरतेंच संरक्षण. कोठें अमेरिका व कॅनडा वगळलेले. कोठें बिल प्रथम स्वतः भरून मागाहून रुपयांत भरपाई मागावयाची. ज्या घरांत अशी पॉलिसी आहे त्यांनीं ती मोडूं नये, पण तिच्या भरंवशावर विमानांतहि चढूं नये.

दुसरी एक समजूत आहे, ती अधिक घातक, कारण ती मुलाच्या तोंडून येते. येथें पुण्या-बंगलोरच्या मोठ्या कंपन्यांत नोकरीस असतांना मुलाच्या सामुदायिक विम्यांत आईवडिलांचीं नांवें घालतां येत असत. तोच मुलगा अमेरिकेस गेला म्हणजे तेथेंहि तसेंच असेल असें घरांत धरून चालतात. अमेरिकेंत नोकरीच्या विम्यांत पत्नी व मुलें येतात. आईबाप बहुधा येत नाहींत. म्हणजे ज्या इस्पितळांत सुनेचें बाळंतपण विम्यावर सुखरूप पार पडलें, त्याच इस्पितळाच्या खालच्या मजल्यावर सासूबाईंना छातींत दुखतें म्हणून नेलें, तर त्यांचें खातें अगदीं निराळें!

तें खातें केवढें असतें ह्याचा अंदाज अमेरिकन सरकारनेंच आपल्या नागरिकांकरितां प्रसिद्ध केलेला आहे. विम्यावांचून मोडका पाय बरा करावयास ७,५०० डॉलरपर्यंत, आणि तीन दिवस इस्पितळांत राहावयास सुमारें ३०,००० डॉलर, असे ते आंकडे आहेत. १९८६ च्या एका कायद्यान्वयें तेथील आपत्कालीन विभागास कोणत्याहि रोग्याला पैसे नाहींत म्हणून परत लावतां येत नाहीं. प्रकृति स्थिरावेपर्यंत उपचार करावेच लागतात. हा कायदा माणुसकीचा आहे ह्यांत शंका नाहीं. मात्र पुष्कळांनीं त्याचा अर्थ ‘तातडीचा उपचार फुकट’ असा केलेला आम्हीं ऐकला आहे, तो चुकीचा. उपचार आधीं होतात, बिल मागाहून घरीं येतें, आणि तेंहि एक नव्हे. इस्पितळाचें निराळें, डॉक्टरांचें निराळें, रुग्णवाहिकेचें निराळें.

तेव्हां परदेशप्रवासाकरितां स्वतंत्र विमा उतरला पाहिजे. येथपर्यंत सर्वांचें एकमत असतें, व येथेंच बहुतेक घरांचा विचार थांबतो. जांवई संगणकावर पांच मिनिटांत कांहीं तरी घेतो, ‘५०,००० डॉलरचा विमा झाला’ असा निरोप येतो, आणि आई देवापुढें साखर ठेवते. परंतु ५०,००० हा आंकडा घराच्या दारावरील पाटीसारखा आहे. आंत खोल्या किती, तें त्यावरून कळत नाहीं.

अमेरिकेंत जाणार्‍या पाहुण्यांसाठीं असलेले विमे मुख्यतः दोन जातींचे. एका जातींत प्रत्येक गोष्टीला ठराविक रक्कम बांधून दिलेली असते: खोलीस दिवसाला इतके, डॉक्टरांच्या भेटीस इतके, तपासणीस इतके. ह्याचा हप्ता स्वस्त. दुसर्‍या जातींत प्रथम एक रक्कम आपण भरावयाची, पुढील कांहीं खर्चाचा एक हिस्सा आपण द्यावयाचा, व त्यानंतरचा खर्च विम्याच्या एकंदर रकमेपर्यंत कंपनीनें सोसावयाचा. ह्याचा हप्ता महाग. फरक किती पडतो, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, वडिलांना न्यूमोनिया झाला, पांच दिवस इस्पितळांत काढावे लागले, आणि बिल ४०,००० डॉलर आलें. पहिल्या जातीच्या विम्यांत खोलीस दिवसाला १,५०० प्रमाणें ७,५००, डॉक्टरांच्या भेटीस दिवसाला ७५ प्रमाणें ३७५, आणि तपासण्यांस एकूण ५०० धरले, तर कंपनी देणार ८,३७५ डॉलर. उरलेले ३१,६२५ डॉलर घरानें द्यावयाचे. डॉलरला ९० रुपये धरले तरी ही रक्कम २८ लाखांवर जाते, म्हणजे लातुरांत एखादी लहानशी सदनिका! दुसर्‍या जातींत प्रथमचे २५० आपले, पुढच्या ५,००० पैकीं पांचवा हिस्सा म्हणजे १,००० आपले, आणि बाकीचे कंपनीचे. घराच्या वाट्यास १,२५०. दोन्ही कागदांवर ५०,००० डॉलर असेंच लिहिलेलें होतें.

आपल्या देशांतल्या कंपन्यांच्या प्रवासविम्यांतहि हा प्रकार आहेच. साठी उलटलेल्यांसाठीं, विशेषतः वैद्यकीय तपासणीवांचून घेतलेल्या कित्येक पॉलिसींत, एकूण रक्कम मोठी असली तरी खोली, शस्त्रक्रिया, भूल देणारा डॉक्टर अशा प्रत्येक बाबीवर आंतून मर्यादा घातलेली असते. ती मर्यादेची सारणी पॉलिसीच्या मागल्या पानांत असते. विमा विकणारा ती आपण होऊन दाखवीत नाहीं. मागितली म्हणजे मात्र त्याला ती द्यावी लागते.

आतां ज्या एका शब्दावर सारें अवलंबून आहे, त्याकडे वळूं. तो शब्द म्हणजे ‘पूर्वीपासून असलेला आजार’.

आपल्याकडील नियमांत ह्याची व्याख्या, २०२४ पासून, पॉलिसी सुरू होण्यापूर्वींच्या ३६ महिन्यांत ज्याचें निदान झालें किंवा ज्यावर डॉक्टरानें उपचार सांगितले वा केले तो आजार, अशी आहे. वाक्य साधें आहे. परंतु आपल्या घरांत आजार ह्या शब्दाचा अर्थ निराळा असतो. वडील पंधरा वर्षें रक्तदाबाची गोळी घेत असतात. रक्तदाब नीट आहे, म्हणून ते स्वतःस निरोगी समजतात. ‘मला कसलाहि आजार नाहीं, फक्त एक गोळी चालू आहे,’ हें वाक्य मराठवाड्यांतील प्रत्येक डॉक्टरानें ऐकलेलें असेल. आईची साखर ‘काठावर’ असते, म्हणून ती मधुमेह नव्हे. दहा वर्षांपूर्वीं हृदयाच्या धमनींत नळी बसविली, ती तर आतां बरी झालेली गोष्ट! ह्यांत कोणी लबाडी करतो असें नव्हे. गोळीनें आजार जातो अशीच आपली श्रद्धा आहे. विमा कंपनीची श्रद्धा मात्र उलट आहे. जोंपर्यंत गोळी आहे तोंपर्यंत आजार आहे.

ह्याचा परिणाम असा, कीं सत्तरीच्या माणसाला परदेशांत ज्या संकटाची खरी भीति असते, म्हणजे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, साखर एकाएकीं चढणें वा उतरणें, तेंच नेमकें ह्या शब्दाच्या तावडींत सांपडतें. पाय घसरून हाड मोडलें, अन्नांतून विषबाधा झाली, न्यूमोनिया झाला, तर स्वस्तांतला स्वस्त विमाहि कांहीं देईल. पक्षाघात झाला आणि रक्तदाब जुना असला, तर महागांतला महाग विमाहि प्रथम हाच शब्द पुढें करील. अमेरिकन विम्यांपैकीं चांगल्या प्रतीचे कांहीं ‘जुन्या आजाराचा एकाएकीं उद्भवलेला झटका’ एवढ्यापुरतें दार किलकिलें ठेवतात. परंतु त्या दारालाहि अटी आहेत. झटका पूर्वसूचनेवांचून आलेला असावा, २४ तासांच्या आंत उपचार घेतलेला असावा, रोग हळूहळू वाढत आलेला नसावा, आणि रोग्याचें वय ठराविक मर्यादेच्या आंत असावें. ही मर्यादा कोठें सत्तर, कोठें ऐंशी. तिच्यापुढें ही सवलत एकतर कमी होते किंवा अजीबात जाते. देशी कंपन्यांपैकीं कांहीं, जाहीर केलेल्या जुन्या आजारालाहि जीवावरच्या प्रसंगीं, प्रकृति स्थिर होईपर्यंत, संरक्षण देतात. कोणी त्यासाठीं अधिक हप्ता घेतात. दोहोंतहि मुख्य गोष्ट एकच, कीं आजार जाहीर केलेला हवा.

आणि आमच्या लोकांची ओढ नेमकी ती गोष्ट न सांगण्याकडे असते. हप्ता वाढेल, पॉलिसी नाकारतील, तपासण्या करावयास लावतील, ह्या भीतीनें प्रस्तावपत्रांतल्या प्रत्येक प्रश्नापुढें ‘नाहीं’ लिहिलें जातें. कित्येकदां दलालच तसें सुचवितो. पुढें काय होतें तें पाहावें. रोगी इस्पितळांत नेला, कीं तेथील डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, कीं पूर्वीं कोणता आजार होता व कोणतीं औषधें चालू आहेत. येथें मुलाची काय अवस्था होत असेल! खरें सांगावें तर तें कागदावर उतरतें आणि तोच कागद दाव्याबरोबर कंपनीकडे जातो. खोटें सांगावें तर डॉक्टर बापावर अंधारांत उपचार करणार. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हें न सांगितल्यानें जीवहि जाऊं शकतो. सहा महिन्यांपूर्वीं नांदेडास बसून हप्त्यांतले कांहीं हजार रुपये वांचविले, त्याचा हिशेब असा मध्यरात्रीं, परक्या इस्पितळाच्या ओट्यावर, जन्मदात्याचें औषध लपवावें कीं सांगावें अशा शब्दांत पुढें उभा राहतो. कोणत्याहि मुलास असा प्रश्न पडूं नये असें आम्हांस वाटतें, आणि तो पडूं न देणें हें आईवडिलांच्याच हातीं आहे.

कोणी म्हणतील, कीं पांच वर्षें पॉलिसी चालली म्हणजे न सांगितलेल्या आजाराची सबब कंपनीस सांगतां येत नाहीं असें ऐकलें आहे. तें खरें आहे, परंतु देशांतील अखंड चालू ठेवलेल्या आरोग्यविम्यापुरतें. २०२४ पासून ६० महिन्यांनंतर, फसवणूक सिद्ध झाल्यावांचून, अशा सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. सहा महिन्यांच्या प्रवासविम्याला पांच वर्षें कोठून आणणार?

म्हणून आमची स्पष्ट सूचना अशी, कीं तिकिटें काढण्यापूर्वीं दोघांनींहि आपल्या नेहमींच्या डॉक्टरकडे जावें. नांदेड व लातूर दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, हृदयाची तपासणी करणारे डॉक्टर आहेत. ह्या कामासाठीं आतां हैदराबादची वारी करावयास नको. हृदयाचा आलेख, साखर, मूत्रपिंडाची तपासणी करवून घ्यावी, आणि डॉक्टरांकडून एका पानावर आजारांचीं नांवें, सुरुवातीचीं वर्षें व औषधांचीं मूळ नांवें इंग्रजींत टंकलिखित करून घ्यावीं. व्यापारी नांवें उपयोगीं नाहींत. येथील कंपनीनें गोळीला दिलेलें नांव तेथील औषधविक्याला ठाऊक नसतें. तें पान पाहूनच प्रस्तावपत्र भरावें. आणि तपासणींत कांहीं संशयास्पद निघालें तर? तर जाणें लांबणीवर टाकावें. हें लिहावयास सोपें आहे, बाळंतपणाच्या तारखा लांबणीवर पडत नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु अशा वेळीं एकटी आई जाईल, किंवा विहीणबाई जातील. कांहींना कांहीं तोड निघते.

ज्यांना मुळांत उपचारासाठींच परदेशीं जावयाचें आहे, त्यांचा प्रवासविम्याशीं कांहीं संबंध नाहीं. उपचार हाच प्रवासाचा हेतु असेल तर तो विमा देत नाहीं. तेथें वर सांगितलेली जगभर संरक्षणाची पॉलिसी, आणि तीहि निदान होण्याच्या आधीं घेतलेली, एवढाच मार्ग. नाहीं तर स्वतःचा पैसा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणें एका आर्थिक वर्षांत माणशीं २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते, व तेथील इस्पितळाचा अंदाजपत्रक दाखवून त्याहून अधिकहि.

अमेरिकेखेरीज इतर देशांचें थोडक्यांत सांगतों. युरोपांतील शेनगेन देशांच्या व्हिसाकरितां किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो नसला तर व्हिसाच मिळत नाहीं, त्यामुळें तेथें विसरण्याचा प्रश्न नाहीं. तितकाच घेऊन थांबावें कीं नाहीं हा निराळा प्रश्न. इंग्लंडांत सहा महिन्यांसाठीं गेलेल्या पाहुण्यास आपत्कालीन विभागांतला उपचार फुकट आहे, परंतु तेथून वरच्या मजल्यावर दाखल केलें, कीं सरकारी दराच्या दीडपट आकार लागतो. आणि ५०० पौंडांहून अधिक बाकी राहिली तर पुढला व्हिसा नाकारला जाऊं शकतो. कॅनडांत मुलांकडे दीर्घकाळ राहणार्‍या आईवडिलांच्या ‘सुपर व्हिसा’स किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा विमा सक्तीचा आहे; तो पूर्वीं कॅनडांतील कंपनीचाच लागे, २०२५ च्या जानेवारीपासून तेथील सरकारनें मान्य केलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाहि चालतो. आमचें मत विचाराल, तर सक्ती असलेल्या देशांतले आईबाप अधिक सुखी आहेत. अमेरिकेंत पाहुण्यावर कोणतीच सक्ती नाहीं, आणि सर्वांत महाग इस्पितळें तेथेंच!

विद्यार्थ्यांचें प्रकरण सोपें आहे असें पालक समजतात, कारण विद्यापीठ विमा घ्यावयास लावतें. तो बहुधा पुरेसा असतोहि. मात्र त्या विम्यांत दांत व डोळे येतात कीं नाहीं, सुटींत विद्यार्थी देशाबाहेर गेला तर तो चालतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. दाढ दुखली म्हणून तिकीट काढून घरीं आलेलीं मुलें आम्हांस ठाऊक आहेत. वैद्यकीचें शिक्षण घ्यावयास पूर्वेकडल्या युरोपांत गेलेल्यांच्या पालकांनीं आणखी एक ओळ वाचावी. युद्धापासून झालेली हानि बहुतेक सर्व विमापत्रांतून वगळलेली असते. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमधून मुलें परत आणावीं लागलीं, तेव्हां त्यांना आणलें तें सरकारनें. विम्याच्या कागदाचा तेथें उपयोग नव्हता.

विमा येथून घ्यावा कीं तेथून, ह्यावर घराघरांत मतभेद आढळतात. देशी कंपनीचा विमा निघण्यापूर्वींच घ्यावा लागतो, हप्ता रुपयांत जातो, आणि तंटा पडला तर दाद येथेंच मागतां येते. अमेरिकेंतला विमा तेथें पोंचल्यावरहि घेतां येतो, आणि तेथील इस्पितळें तो अधिक सहज ओळखतात व कंपनीकडून परस्पर पैसे घेतात. सत्तरीच्या आंतल्या, पण रक्तदाबासारखा जुना आजार असलेल्या माणसाला आम्ही तेथील दुसर्‍या जातीचा विमा सुचवूं, हप्ता दुप्पट पडला तरी. तो घेतांना कंपनीशीं करार असलेलीं इस्पितळें मुलाच्या गांवाजवळ आहेत कीं नाहींत हें पाहावें. वरचें १,२५० डॉलरचें गणित अशाच इस्पितळांत जुळतें. दुसरें, मुक्काम वाढण्याचा थोडा जरी संभव असेल तर मुदत संपण्यापूर्वींच वाढवून घ्यावी. मुदत संपूं दिली व नवी पॉलिसी घेतली, कीं पहिल्या तीन महिन्यांत झालेला आजार नव्या कागदावर ‘पूर्वीपासून असलेला’ होऊन बसतो. तिसरें, ताप-खोकला, पोट बिघडणें अशा गोष्टींस थेट इस्पितळाच्या आपत्कालीन विभागांत धांव घेऊं नये. तेथें ‘अर्जंट केअर’ नांवाचे दवाखाने असतात, त्यांचा खर्च कितीतरी कमी. आणि दाखल व्हावें लागलें तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर ताबडतोब, फार तर २४ तासांत, कळवावें.

आणखी एक कलम आहे, त्याचा उच्चार करावयास आम्ही कचरतों. परंतु न करणें बरोबर होणार नाहीं. परदेशांत मृत्यु आला तर देह मायदेशीं आणण्याचा खर्च. बर्‍याच पॉलिसींत ही तरतूद असते, रक्कम मर्यादित असते, आणि तेथेंच दहन केल्यास त्या खर्चालाहि कांहींत तजवीज असते. अंत्यविधि कोठें व्हावा, गोदाकांठीं कीं तेथेंच, आणि अस्थि कोणी आणाव्या, ह्याविषयीं वडिलांनीं आपली इच्छा जातांना मुलास सांगून ठेवावी. आमच्या समाजांत हें बोलणें अशुभ मानतात. मृत्युपत्र करणेंहि एके काळीं अशुभच मानीत.

दावा नाकारला गेला तर देशी कंपनीच्या बाबतींत मार्ग असा. प्रथम कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकार्‍याकडे लेखी जावें. एक महिन्यांत उत्तर न आलें, किंवा आलेलें पटलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे; नांदेड व लातूर हे जिल्हे पुण्याच्या कार्यालयाकडे येतात. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी चालतात. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आंत जावें लागतें, हें मात्र ध्यानांत असावें, कारण परदेशांतून परतल्यावर थकवा, पाहुणे, देवकार्य ह्यांतच वर्ष निघून जातें. अमेरिकन कंपनीच्या पॉलिसीवर ह्या लोकपालाचा अधिकार चालत नाहीं. तिच्याशीं झगडावयाचें तर मुलानेंच तेथें झगडावें.

लातूरच्या एका भगिनीनें विचारलें आहे, कीं मुलगा व सून दोघेंहि कामावर असतांना आपणांस कांहीं झालें तर काय करावें, कारण आपणांस इंग्रजी बोलतां येत नाहीं. त्यांनीं एक लहान कार्ड करून घ्यावें. एका बाजूस मराठींत आणि दुसर्‍या बाजूस इंग्रजींत स्वतःचें नांव, मुलाचा दूरध्वनि, पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचा मदत क्रमांक, आजार आणि औषधें लिहावीं, व तें कार्ड पेटींत न ठेवतां अंगावर ठेवावें. तातडीच्या मदतीसाठीं अमेरिकेंत ९११ हा क्रमांक फिरवावा. इस्पितळांत गेल्यावर ‘मराठी’ एवढा एक शब्द उच्चारावा. केंद्र सरकारचा पैसा घेणार्‍या तेथील इस्पितळांस रोग्याच्या भाषेचा दुभाषा, निदान दूरध्वनीवरून, विनामूल्य पुरविणें कायद्यानें भाग आहे. नातवाला दुभाषा करूं नये. आजीला कोठें दुखतें हें तो लाजून अर्धेंच सांगेल.